आपण कुठले? : इंग्रजी शिकताना जागेच्या शब्दांचा विचार

इंग्रजी शिकू लागलेल्या माणसाला सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारले जातात. तुझे नाव काय आणि तू कुठला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. दुसऱ्याचे तसे नाही. आपल्या समाजात 'गाव कोणते?' ह्या प्रश्नापाठोपाठ 'आडनाव काय?' येते आणि तेवढ्याने भागले नाही तर 'गावात नेमके कुठे?' असा तिसरा प्रश्न येतो. ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जात. हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. म्हणून आमचा विद्यार्थी ह्या प्रश्नापाशी मराठीतच अडखळतो, आणि तेच अडखळणे घेऊन इंग्रजीच्या वर्गात येतो. मास्तरांना वाटते, ह्याचे इंग्रजी कच्चे आहे.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलेमुलीही तशाच घरांतली आहेत. कोणी तांड्यावरून येते, कोणी पारधी वस्तीवरून, कोणी ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कोपीत राहून शिकलेले. ह्या मुलांना 'माझे गाव' ह्या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या की वहीत गाईडमधले गाव उतरते. मध्ये देऊळ, कडेला नदी, हिरवी शेते, साधीभोळी माणसे. लिहिणाऱ्याचे स्वतःचे घर त्या दहा ओळींत कुठेच नसते. हे घर इंग्रजीत कसे आणावे, त्यासाठी शब्द कोणते घ्यावेत आणि कोणते घेताना सावध असावे, ह्याचा विचार ह्या लेखात करायचा आहे.

'गावात' म्हणजे कुठे?

मराठीत आपण गावात राहतो, गावी असतो, गावाला जातो आणि गावाकडे निघतो. 'गावात' म्हणजे आत. 'गावी' म्हणजे मूळ ठिकाणी. 'गावाला' जाणे म्हणजे प्रवास, आणि 'गावाकडे' म्हटले की दिशेबरोबर थोडी ओढही येते. इंग्रजीत हे काम 'इन', 'ॲट', 'टू', 'टोवर्ड्स' असे वेगळे शब्द करतात आणि ते नामाच्या आधी येतात. आत सांगायचे तर 'इन', एखादे ठिकाण नकाशावरच्या टिंबासारखे धरायचे तर 'ॲट', पृष्ठभागावर किंवा रेषेवर सांगायचे तर 'ऑन'. व्याकरणाच्या तासाला एवढ्यावर भागते.

पण आपल्या वस्तीतली जुनी माणसे कशी बोलतात ते ऐकावे. महारवाड्यातली, मांगवाड्यातली म्हातारी 'जरा गावात जाऊन येते' म्हणते तेव्हा ती कोठून निघून कोठे जाते? रेशनकार्डावर तिचे गाव तेच, मतदारयादीत तेच. तरी तिच्या बोलण्यात गाव म्हणजे वेशीच्या आतली घरे. आपण राहतो ती जागा ती गावात मोजत नाही, कारण गावाने ती कधी मोजली नाही. 'त' ह्या एका प्रत्ययात गावगाड्याची सारी रचना येऊन बसली आहे. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या स्तुतिस्तोत्रांना साफ नकार दिला आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे घर आहे असे बजावले. त्यामागे हाच अनुभव होता. गाईडमधले गाव उतरवून काढणारा आमचा विद्यार्थी नकळत त्या स्तोत्रात सूर मिसळत असतो.

आता 'गावकुसाबाहेर' हा शब्द इंग्रजीत न्यावा कसा? कोशात 'आउटस्कर्ट्स' सापडतो. हा शब्द शहराची विरळ कड सांगतो. तिथे एखाद्या श्रीमंताचा बंगलाही असतो आणि त्याला त्याचा अभिमान वाटतो. गावकुसाबाहेर असणे हे अंतर नाही, तो नियम आहे. कूस पडून पन्नास वर्षे झाली असली तरी नियम उभा असू शकतो. 'आउटस्कर्ट्स' म्हटले की अंतर कळते आणि नियम गळून पडतो.

याहून मोठी गंमत 'राजवाडा' ह्या शब्दाची. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक गावी महारवाड्याला राजवाडा म्हणतात. कोश उघडला तर राजवाडा म्हणजे 'पॅलेस'. मुलाने प्रामाणिकपणे कोशातला शब्द लिहिला तर पत्र्याच्या दोन खोल्यांचा महाल होतो आणि परीक्षक हसतो. कोशाचे काही चुकत नाही. कोशाला ती वस्ती ठाऊक नाही, एवढेच.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली हे चांगलेच झाले. आता मूल 'आय लिव्ह इन भीमनगर' असे मान वर करून सांगू शकते. पण पाटी बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही, आणि पाणी कुठून येते हे पाटीवर लिहिलेले नसते. ते सांगायला भाषाच लागते.

इंग्रजांचे इंग्रजीही एक नाही

आमच्या मुलांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते. इंग्रजी ही एकच, सरळ, शुद्ध भाषा आहे, आणि आपल्या बोलीतल्या शब्दांना तिथे थारा नाही, ही ती भीती. आधी मराठीच्या तासाला 'व्हतं', 'गेलतो' म्हटल्यावर हशा ऐकलेला असतो. तोच हशा इंग्रजीत दुप्पट होईल असे वाटते. म्हणून खुद्द इंग्लंडात काय आहे ते मी मुद्दाम सांगतो.

आपल्याकडे जे पाणी कुठे ओढा, कुठे ओहोळ, कुठे नाला आणि कोकणात व्हाळ होऊन वाहते, त्याला उत्तर इंग्लंडात 'बेक' म्हणतात, स्कॉटलंडात आणि त्याला लागून असलेल्या नॉर्थंबरलंडात 'बर्न', आणि इंग्लंडच्या मध्य व दक्षिण भागात 'ब्रुक'. 'बेक' हा शब्द हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांनी आणला. दोन घरांमधल्या बोळाला लीड्स-मँचेस्टरकडे 'गिनेल', यॉर्कशरमध्ये 'स्निकेट'ही, दक्षिणेत ससेक्सला 'ट्विटन' आणि स्कॉटलंडात 'वाइंड' किंवा 'व्हेनेल' म्हणतात. बेकरीतला छोटा गोल पाव मँचेस्टरला 'बार्म' होतो आणि नॉटिंगहॅम-डर्बीकडे 'कॉब'.

माझी एक विद्यार्थिनी शासनाच्या शिष्यवृत्तीवर लीड्सला शिकायला गेली. पहिल्या महिन्यात तिने कळवले, 'सर, रस्ता विचारला तर बाई म्हणाली गिनेलमधून जा. गिनेल तुम्ही कधी शिकवले नव्हते.' दुसऱ्या वेळी शेजारणीने तिला 'टी'ला बोलावले. ही चहा समजून घरून जेवून गेली, तर पुढे भरलेले ताट! इंग्लंडच्या उत्तर भागात कामकरी घरांत दुपारच्या जेवणाला 'डिनर' आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात. तिथल्या भाषेचा धाक त्या दिवसापासून कमी झाला असे तिने लिहिले. ज्यांची ती मातृभाषा, त्यांचीही ती गावोगाव वेगळी आहे, हे तिला कळले होते.

गावांच्या नावांतही असेच आहे. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी ह्यांतला 'बी' म्हणजे नॉर्स भाषेतले वाडी-गाव. मँचेस्टर, लँकेस्टर ह्यांत रोमनांच्या लष्करी तळाचा लॅटिन शब्द दडलेला आहे. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावे असली की मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. हे शब्द फारसीतून, राज्यकर्त्यांच्या दप्तरातून आले. इंग्लंडात लेस्टरशरमध्ये ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्वा अशी दोन गावे आहेत. मॅग्ना म्हणजे बुद्रुक, पार्वा म्हणजे खुर्द, आणि शब्द लॅटिन. दप्तर कोणाच्या हाती होते हे गावाच्या नावावरून दोन्हीकडे कळते.

'हॅम्लेट' हा शब्दही असाच तपासावा. आपण वाडीला सरसकट हॅम्लेट म्हणतो. इंग्लंडात परंपरेने ज्या छोट्या वस्तीला स्वतःचे चर्च नाही ती हॅम्लेट, आणि चर्च असेल ते 'व्हिलेज'. आपल्याकडे वाडी, वस्ती, तांडा आणि पाडा ह्यांचे दुय्यमपण वेगळ्या गोष्टीवरून ठरते. ते महसुली गाव आहे की नाही, आणि तिथे कोण राहते, ह्यावरून ते ठरते. शब्द जवळचा आहे, पण मोजमाप निराळे आहे.

गिरणीतला पोरगा आणि सहा खंडांचा कोश

इंग्लंडच्या ह्या गावठी शब्दांचा सर्वांत मोठा कोश कोणी केला? ब्रॅडफर्डजवळ १८५५ साली जन्मलेला जोसेफ राइट सहा-सात वर्षांचा असताना दगडाच्या खाणीवर गाढवे हाकत होता. पुढे तो लोकरीच्या गिरणीत डॉफर झाला. भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावण्याचे हे काम गिरणगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. पुढे रात्री शिकून तो जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात पोहोचला आणि १८८५ साली डॉक्टरेट मिळवली. १८९२ साली त्याने आपल्याच विंडहिल गावच्या बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८९८ ते १९०५ ह्या काळात त्याचा इंग्रजी बोलींचा कोश सहा खंडांत निघाला. १९०१ साली तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला.

मी ही हकीकत सांगतो ती केवळ जिद्दीचा धडा म्हणून नाही. भाषेतल्या अधिकाराविषयी ती काही सांगते. ज्या बोलीमुळे राइट अडाणी ठरला असता तीच त्याने अभ्यासाचा विषय केली. प्रमाण इंग्रजी त्याने पूर्ण हस्तगत केली आणि तिच्याच साधनांनी आपल्या घरच्या शब्दांना कोशात जागा मिळवून दिली. फरकही सांगितला पाहिजे. गिरणी सुटल्यावर राइटला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नाही. वर्ग सोडता येतो, जात पाठीमागे येते. तेव्हा आपले काम त्याच्याहून अवघड आहे, पण दिशा तीच आहे.

प्रवासात बिघडलेले आणि घडलेले शब्द

इंग्रजीतले काही शब्द आपल्याच माणसांच्या पाठीवरून तिथे गेले आहेत. 'पराया' हा शब्द विद्यार्थी निबंधात सहज वापरतात. बहिष्कृत, वाळीत टाकलेला असा त्याचा अर्थ. तो आला तमिळ भाषेतल्या 'परैयर' ह्या जातिनामावरून, आणि त्या नावाचा संबंध 'परै' ह्या ढोलाशी जोडतात. पोर्तुगीजांमार्फत तो सतराव्या शतकात इंग्रजीत गेला, आणि यूल व बर्नेल ह्यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. जिवंत माणसांच्या एका समूहाचे नाव साऱ्या जगाची शिवी झाले. हा शब्द वर्गात आला की मी थांबतो आणि त्याचे मूळ फळ्यावर लिहितो. वापरायचा की नाही हे मग ज्याचे त्याने ठरवावे.

'घेट्टो'चा प्रवास उलटा आहे. व्हेनिस शहरात १५१६ साली ज्यूंना ज्या वेगळ्या बंदिस्त भागात राहण्याची सक्ती झाली त्या जागेचे हे नाव. तिथे पूर्वी धातू ओतण्याचा कारखाना होता, त्यावरून ते पडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे युरोपभर आणि नंतर अमेरिकेतल्या काळ्यांच्या वस्त्यांसाठी तो शब्द आला. बाबासाहेबांनी अस्पृश्यांविषयीच्या एका लेखनाच्या शीर्षकातच 'भारताच्या घेट्टोतील मुले' अशी योजना केली. 'आउटस्कर्ट्स' जे सांगू शकत नाही ते हा शब्द सांगतो, कारण त्यात नियम आहे, सक्ती आहे. परक्याच्या अनुभवातला नेमका शब्द निवडून आपला अनुभव त्याच्या शेजारी ठेवणे, हे भाषांतराचे खरे काम आहे.

'कॉलनी' म्हणजे आपल्याकडे नोकरदारांची नवी घरे. इंग्रज ऐकेल तर त्याला साम्राज्यातली वसाहत आठवेल. 'इस्टेट' म्हणजे आपल्याला जमीनजुमला वाटतो, पण ब्रिटनमध्ये 'कौन्सिल इस्टेट' म्हणजे नगरपालिकेने बांधलेली भाड्याची घरे, आणि तिथे राहणारा 'ऑन ॲन इस्टेट' राहतो, 'इन' नाही. 'स्लम' हा शब्द तर कायद्यातच आहे. महाराष्ट्राचा गलिच्छ वस्त्यांविषयीचा कायदा १९७१ सालचा. कायद्याने वस्तीला दिलेला शब्द आपण आपल्या घराला लावलाच पाहिजे असे नाही. 'नेबरहूड' हा शब्द आपल्यालाही तेवढाच मोकळा आहे.

'सेटलमेंट' हा पुस्तकात निरुपद्रवी दिसणारा शब्द आहे. वस्ती ह्या अर्थी शिक्षक तो सर्रास सुचवतात. पण सोलापूरला तो उच्चारून पाहावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडले त्या जागेला सेटलमेंट म्हणत, आणि त्या भागाला तेच नाव चिकटून राहिले. कायदा १९५२ साली रद्द झाला. विमुक्तांच्या घरातल्या मुलीला हा शब्द देताना मास्तरांना त्याचा इतिहास माहीत असावा. तसेच 'नेटिव्ह प्लेस'चे. हा आपल्या देशातल्या इंग्रजीचा लाडका शब्द आहे. ज्यांच्या पिढ्या पालावर गेल्या त्यांनी ह्या रकान्यात काय भरावे?

सांगावे कसे?

एवढे सगळे ऐकल्यावर विद्यार्थी विचारतात, मग लिहायचे काय? मी तीन पायऱ्या सांगतो.

पहिली, ऐकणाऱ्याला पाय ठेवता येईल असा जवळचा साधा इंग्रजी शब्द आधी द्यावा. दुसरी, आपला शब्द त्याच्याशेजारी तसाच ठेवावा. तांडा, पाडा, पाल, कोपी, महारवाडा ह्या शब्दांची लाज नको आणि त्यांचे बळेच भाषांतरही नको. तिसरी आणि महत्त्वाची पायरी म्हणजे त्या जागेचा व्यवहार एका वाक्यात सांगावा. तिथे कोण राहते, पाणी कुठून येते, कोण येतो आणि कोण येत नाही. उदाहरणार्थ, 'वुई लिव्ह इन अ कोपी, अ हट ऑफ केन लीव्ह्ज, फॉर फाइव्ह मंथ्स एव्हरी इयर.' ह्या एका वाक्यात ऊसतोडीचा अर्धा इतिहास आला.

ह्या तिसऱ्या पायरीचा सर्वांत मोठा धडा बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनपर लेखनात आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता कशी कळावी, हा त्यापुढचा प्रश्न. तिथे व्याख्या मागे राहते आणि मसूर रेल्वे स्टेशन पुढे येते. साल १९०१ च्या सुमाराचे. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली चांगल्या कपड्यांतली मुले उतरली आहेत. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो आणि जात ऐकताच मागे सरतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मुलांच्या शेजारी बसायला तयार नाही. गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. स्टेशन, रस्ता, टोलनाका हे इंग्रजीतले साधे शब्द. त्या शब्दांच्या जागी काय घडले हे सांगितल्याने ते साधे राहिले नाहीत.

आपल्या आत्मकथनांच्या भाषांतरांतही हा प्रश्न आलाच. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. २०१५ साली जेरी पिंटो ह्यांनी ते इंग्रजीत नेले तेव्हा शीर्षक 'बलुता' असेच राहिले. शरणकुमार लिंबाळे ह्यांचे १९८४ सालचे 'अक्करमाशी' इंग्रजीत 'द आउटकास्ट' झाले. बारा माशांच्या तोळ्यात अकराच भरणारा, म्हणजे जन्मानेच एक मासा कमी ठरवलेला माणूस, हा मापाचा अर्थ इंग्रजी शीर्षकात उरला नाही. दोन्ही वाटांना आपापली कारणे आहेत. पण शब्द ठेवला तर वाचक थोडे चालून आपल्याकडे येतो, हे विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट व्याकरणात सांगत नाहीत. न सांगण्याचाही अधिकार आहे. मुलाखतीत कोणी खोदून विचारू लागले तर 'आय ॲम फ्रॉम बीड डिस्ट्रिक्ट' हे पूर्ण आणि शुद्ध वाक्य आहे, त्यापुढे पूर्णविराम द्यावा. ब्रिटनमध्ये तिथेच जन्मलेल्या काळ्या-सावळ्या माणसांनाही 'तुम्ही खरे कुठले?' असे विचारतात. त्या 'खरे' ह्या शब्दात काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

वर्गात काय करता येईल?

लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन ह्यांच्या पुढाकाराने १९५० ते १९६१ ह्या काळात इंग्लंडातल्या ३१३ ठिकाणी बोलींची पाहणी झाली. तेराशेच्या वर प्रश्न होते. पाहणी करणारा शब्द स्वतः उच्चारत नसे. वस्तू दाखवून किंवा वर्णन करून 'ह्याला तुम्ही काय म्हणता?' एवढेच तो विचारी. ही रीत कोणत्याही शिक्षकाला बिनखर्चाने उचलता येईल.

मी वर्गात मुलांना आपल्या वस्तीचा नकाशा काढायला सांगतो. विहीर, हातपंप, शाळा, देऊळ, विहार, दुकान, मसणवटा, आणि स्वतःचे घर. प्रत्येक जागेला घरी जो शब्द आहे तोच लिहायचा. मग त्या नकाशावरून इंग्रजीत वाट सांगायची: सरळ जा, डावीकडे वळा, ओढा ओलांडा. 'इन', 'ॲट', 'ऑन', 'अक्रॉस', 'बिहाइंड' हे सारे शब्द दोन तासांत पक्के होतात. शेजारी बसलेल्या मुलामुलींचे नकाशे एकमेकांशेजारी ठेवले की वर्गात शांतता पसरते, कारण एकाच गावच्या दोन मुलांच्या नकाशांत दोन मसणवटे निघतात. तेव्हा इंग्रजीचा तास समाजशास्त्राचाही होतो. मात्र आपले घर दाखवण्याची सक्ती मी कोणावर करत नाही.

शिक्षक आणि कार्यकर्ता मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. अभ्यासवर्गांत, वसतिगृहांत, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत इंग्रजी शिकवताना आधी मुलांचे शब्द गोळा करावेत आणि नंतर पुस्तकातले शब्द द्यावेत. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो शूद्रातिशूद्रांनी स्वतःची मान वर करावी म्हणून. ती मान वर करताना आपले घर नकाशावरून पुसायचे नाही. ज्या दिवशी आमची विद्यार्थिनी 'माझे गाव' ह्या दहा ओळींत आपल्या घराची एक ओळ स्वतःहून, व्याकरणशुद्ध इंग्रजीत लिहील, त्या दिवशी तिला इंग्रजी आले असे मी समजेन.